एक कोटी अंशांच्या अलीकडे : जालन्याहून सुजाताचा प्लाझ्मा पाहायला

सुजाताचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या गल्लीत आमचं मेडिकल आहे. समोर पोत्यांनी भरलेला हातगाडा आणि एक ऑटो अडकले होते आणि दोघंही मागे सरायला तयार नव्हते. त्या गोंधळात मला अर्धंच ऐकू आलं.

"ताई, आमच्याकडं घरच्या लोकांना मशीन बघायला बोलावून राह्यलेत. वर्षातून एकच दिवस. आई-बाबांना घेऊन येती का?"

"कुठं येऊ?"

"इकडं गं, गुजरातला. तूच म्हणती ना, दाखव म्हणून!"

या ब्लॉगचे जुने वाचक जाणतातच की मी जालन्याहून चारचाकीने जाता येईल अशा सहलींबद्दल लिहिते. किल्ले, लेणी, धरणं, एकदा हम्पी. या वेळचं ठिकाण तुमच्यापैकी बहुतेकांना कधी पाहायला मिळणार नाही, कारण तिथे तिकीट काढून आत जाता येत नाही. तरी लिहिते आहे. रस्ता तुमच्या कामी येईल आणि उरलेलं मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुजाता माझी धाकटी बहीण. आमचं गाव केदारखेडा, तालुका भोकरदन. बाबा वीज मंडळात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. आईने आधी लोकांच्या शेतात रोजाने काम केलं, मग बाबांच्या पगारातून घेतलेल्या तीन एकरांत. गावच्या शाळेतून सुजाता बदनापूरच्या कॉलेजात गेली, तिथून विद्यापीठात आणि तिथून गुजरातेत. तिच्या संस्थेचं नाव लिहायचं नाही अशी तिची ताकीद आहे. एवढंच सांगते की तिथे हायड्रोजन वायू इतका तापवतात की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य त्याचाच बनलेला आहे. पुढेमागे यातून वीज करायची आहे. प्लाझ्मा किती तापला ते मोजणं हे सुजाताचं काम.

मी लगेच गावी फोन लावला. बाबांनी कुठे, कशासाठी, काहीच विचारलं नाही. "कधी निघायचं?" एवढंच म्हणाले. आईने फोन हिसकावून घेतला. "कापसाची वेचणी चालूय इथं. चार-पाच दिवस कोण बघंल?" मग तीच म्हणाली, "बघंल कोणीतरी. पोरीनं पहिल्यांदाच बोलावलंय."

आदल्या संध्याकाळी दोघं एसटीने जालन्याला आले. आईच्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि सुजातासाठी घरच्या तुरीची डाळ. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट वेगळ्या पिशवीत आणला होता. "त्या दिवशी घालीन," म्हणाले. दुकान नवऱ्यावर सोपवून सकाळी लवकरच निघालो. गाडी मीच चालवते. बाबा पुढे, आई मागे, पाय वर घेऊन.

बदनापूरला चहासाठी थांबलो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आई उभी राहिली. आमच्याकडे जालन्याला राहून सुजाता इथल्या कॉलेजला रोज रेल्वेने यायची.

"पावसापाण्याची कशी येत असंल," आई म्हणाली.

"छत्री घेऊन," बाबा म्हणाले, आणि चहावाल्याला न विचारताच सांगून टाकलं, "आमची पोरगी शास्त्रज्ञ हाये. तिच्याकडंच चाललो."

चहावाल्याने मान डोलावली. "बराबर," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला हसू आलं, पण बाबांचा चेहरा बघून आवरलं. पुढे दोन दिवस टोलनाक्यावर, पंपावर, ढाब्यावर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी समोरच्या माणसाच्या वतीने मीच "बराबर" म्हणायला लागले.

आता रस्ता. जालना ते संभाजीनगर उत्तम. पुढे कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, तिथून धुळे. घाटातून कोणत्या गाड्यांना सोडतात याचे नियम बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करा. आम्ही उतरलो तेव्हा धुकं होतं आणि खाली चाळीसगावकडची शेतं पुसट दिसत होती. वळणावर आई डोळे मिटून बसली, खाली आल्यावर म्हणाली, "छान हाये घाट." धुळ्याच्या बाहेर एका खानावळीत शेवभाजी खाल्ली. तिखट इतकी की बाबांनी ताक दोनदा मागवलं, पण तक्रार कोणी केली नाही. धपाटे शेजारी उघडलेले होतेच. मालक म्हणाला, "मावशी, एक द्या." आईने त्याला दोन दिले आणि त्याने ताकाचे पैसे घेतले नाहीत.

धुळ्यापुढे साक्री, मग कोंडाईबारीचा घाट. इथे ट्रक फार, घाई करू नका. संध्याकाळी नवापूरला मुक्काम केला. नवापूरचं रेल्वे स्टेशन बरोबर राज्याच्या सीमेवर आहे, अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. त्या सीमेवरच्या बाकावर आम्ही फोटो काढला, आई महाराष्ट्रात आणि बाबा गुजरातेत. लॉज साधा पण स्वच्छ मिळाला. वयस्कर माणसं बरोबर असतील तर एका दमात जाण्यापेक्षा हा मुक्काम कराच.

दुसऱ्या दिवशी व्यारा, बारडोली, मग सुरत बाहेरूनच टाकून मोठ्या महामार्गाला लागलो. भरूचजवळ नर्मदेचा पूल आला तेव्हा आईने हात जोडले नाहीत, पण खिडकीची काच खाली करून पार पलीकडे जाईपर्यंत पाण्याकडे बघत राहिली. "आपल्या पूर्णेला एवढं पाणी असतं तर," म्हणाली. दुपारी एका काठियावाडी ढाब्यावर बाजरीचा रोटला आणि वांग्याचा ओळो मागवला. आईने एक घास घेतला, वाटीत नीट पाहिलं आणि म्हणाली, "भाकर अन् भरीतच की हे. यासाठी एवढ्या लांब आलो व्हय?" पण दोन रोटले संपवले. वडोदऱ्यापासून द्रुतगती मार्ग आहे, तिथे गाडी अशी पळते की बाबांना झोप लागली. पेट्रोल आणि टोल धरून तिघांचा खर्च ट्रॅव्हल्सच्या बसपेक्षा थोडा जास्त झाला. चौघं असाल तर गाडीच परवडते.

दिवस मावळायच्या आत सुजाताच्या क्वार्टरला पोचलो. दारात ती उभी होती. मी तिला पाहिलं आणि काहीतरी बिनसलंय हे मला लगेच कळलं. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. आई तिला जवळ घेऊन म्हणाली, "वाळली गं तू." सुजाता हसली, पण ते हसू आमच्यासाठी आणलेलं होतं.

जेवताना बाबांनी विचारलंच. "काय झालं?"

"काही न्हाई बाबा. कामाचं."

"कामाचंच सांग मंग. कामच बघाया आलो आम्ही."

मग तिने सांगितलं. मी माझ्या भाषेत लिहिते, चूक माझी समजा.

त्यांचं यंत्र म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं पोलादी पोकळ भांडं. आतली हवा काढून टाकतात आणि चिमूटभर हायड्रोजन सोडतात. भोवती प्रचंड चुंबकं असतात. ती प्लाझ्माला मधोमध धरून ठेवतात, भिंतीला लागू देत नाहीत. लागला की तो लगेच थंड होतो आणि भिंतही खराब होते. आधी त्या वायूतूनच वीज वाहवून तो तापवतात.

"शेगडीच्या कॉइलसारखं," बाबा म्हणाले.

"तसंच. पण गंमत अशी बाबा, प्लाझ्मा जितका तापतो तितका त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. मंग नुसत्या विजेनं पुढं तापत न्हाई. म्हणून बाहेरून जोरदार सूक्ष्मलहरी सोडायच्या. मायक्रोवेव्ह. आमच्या इथं तो एक वेगळा गट हाये, तापवणारा. अन् मी मोजणाऱ्यांतली."

"अन् मोजती कशानं? थर्मामीटर घालती का आत?" हा प्रश्न आईचा.

"थर्मामीटरची वाफ होईल आई. हात न लावता मोजायचं. दोन तऱ्हा हायेत. एक म्हणजे, इलेक्ट्रॉन चुंबकाच्या जोरानं गिरक्या घेतात तेव्हा त्यांच्यातून लहरी बाहेर पडतात. बाहेर बसून त्या ऐकायच्या. जितक्या जोरात, तितका प्लाझ्मा गरम. दुसरी तऱ्हा माझी. मी आत लेझरचा उजेड मारते. खिडकीतून कवडसा आला की त्यात धूळ चमकती ना, तसा तो उजेड इलेक्ट्रॉनवर आपटून चमकतो. इलेक्ट्रॉन जोरात पळत असला तर त्या उजेडाचा रंग बदलतो. ट्रक जवळ येताना हॉर्न बारीक वाटतो अन् पुढं गेला की जाड, तसं. रंग किती पसरला त्यावरून कळतं, ते किती जोरात पळून राह्यलेत. म्हणजेच किती गरम."

आईने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "अन् मंग बिनसलं काय?"

बिनसलं होतं ते हे. तापवणाऱ्या गटाने गेल्या काही प्रयोगांत सूक्ष्मलहरींची ताकद वाढवली होती. गिरक्यांच्या लहरी ऐकणारं उपकरण सांगत होतं की प्लाझ्मा एक कोटी अंशांच्या वर गेला. त्यांच्या यंत्रावर हे पहिल्यांदाच घडत होतं. उद्या घरची मंडळी आणि काही पाहुणे येतील तेव्हा सगळ्यांसमोर तो आकडा दाखवायचा असं ठरलं होतं. सुजाताचा लेझर मात्र सांगत होता की कोटी अजून बरंच लांब आहे.

"सगळे म्हणून राह्यले, माझ्याच लेझरची दिशा हलली. आठ दिवस झाले, तेच तपासतीय. आरसे, भिंगं, सगळं. मला न्हाई सापडली चूक." तिने ताटातली भाकरी बोटाने सारली. "अन् उद्या तुमच्यासमोर माझंच चुकलेलं निघालं तर?"

मी काहीतरी धीराचं बोलणार होते. त्याआधी बाबा म्हणाले, "निघालं तर चुकलं म्हणायचं. अन् न्हाई निघालं तर?"

"मंग त्यांचं चुकलेलं हे मला बोलावं लागंल. सगळ्यांसमोर. मी सगळ्यात धाकटी तिथं."

आईने तिच्या ताटात आणखी थोडं पिठलं वाढलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तो पांढरा शर्ट घातला. फाटकावर आधार कार्ड दाखवावं लागतं, फोन जमा करावा लागतो. पेसमेकर बसवलेल्यांना चुंबकांमुळे यंत्राजवळ सोडत नाहीत, तसं आधीच कळवतात. सकाळी यंत्र बंद असताना आम्हाला मोठ्या दालनात नेलं. मी आजवर लेणी पाहिली, मोठाली धरणं पाहिली. पण माणसांनी बांधलेल्या वस्तूसमोर अशी गप्प कधी उभी राहिले नव्हते. मेदूवडा कुठे दिसतच नाही. त्याच्याभोवती चुंबकं, नळ्या, वायरी, शिड्या, जाडजूड तांब्याच्या पट्ट्या. जणू एखादं गाव त्याला चारी बाजूंनी चिकटून बसलंय. बाबा त्या तांब्याच्या पट्ट्यांपाशी थांबले.

"सुजे, एवढा लोड एकदम ओढता तर आजूबाजूची लाईट जात न्हाई का?"

"आधीपासून साठवून ठेवतो बाबा, अन् मंग एकदम सोडतो. लाईनवर झटका येत न्हाई."

"बराबर," बाबा म्हणाले. या वेळी ते खरंच समाधानाने म्हटलेलं होतं. एका बाजूला एक लांब नळी खिडकीतून भांड्याच्या आत जात होती. सुजाताने हळूच सांगितलं, "हा माझा लेझर." आईने नळीकडे पाहिलं, मग सुजाताकडे. हात लावायला मनाई होती, म्हणून तिने सुजाताच्याच पाठीला हात लावला.

दुपारी प्रयोग सुरू झाले तेव्हा दालन कुलूपबंद करून आम्हाला नियंत्रण कक्षाच्या मागे, काचेपलीकडे बसवलं. आतलं बोलणं स्पीकरवर ऐकू येत होतं. सुजाता तिसऱ्या रांगेत एका पडद्यासमोर बसलेली. तापवणाऱ्या गटाचे प्रमुख जोशीपुरा सर मधोमध उभे होते, पिकलेले केस, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. भोंगा वाजला. उलटी मोजणी झाली. मोठ्या पडद्यावर भांड्याच्या आतला कॅमेरा दिसत होता. एकदम कडेकडेने गुलाबी प्रकाश फुलला, थरथरला आणि विझला. पापणी लवते न लवते तोच.

"झालं?" आई म्हणाली. "दोन दिवस गाडीत बसलो ते यासाठी?"

आमच्याजवळ बसलेल्या दोन-चार बायका हसल्या. आम्हाला माहिती द्यायला नेमलेली मुलगी मराठी जाणत होती. ती म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळेस मधोमध बघा." पुढच्या वेळेस आम्ही मधोमध पाहिलं. कडा गुलाबी, आणि मध्ये काहीच नाही.

"मधीं तर रिकामंच हाये."

"तिथंच सगळ्यात जास्त तापलंय. इतकं तापलंय की डोळ्याला दिसेल असा उजेड तिथून येतच नाही. जे दिसतं ती थंड कड आहे."

प्रवास करताना आपण दिसणाऱ्या गोष्टींमागे धावतो. इथे जे पाहायला सगळे जमले होते तेच दिसत नव्हतं. ते जाणून घ्यायचं तर माझ्या बहिणीवर आणि तिच्यासारख्या इतरांवर विसंबायला हवं होतं.

मग सूक्ष्मलहरींचा प्रयोग आला. भोंगा, मोजणी, गुलाबी झळाळी. पडद्यावर एक निळी रेघ उठली, चढत गेली आणि आडव्या ठळक रेषेच्या वर निघाली. ती आडवी रेषा म्हणजे एक कोटी अंश. कक्षात टाळ्या वाजल्या, काचेमागे आम्हीही वाजवल्या. काही क्षणांनी त्याच पडद्यावर लाल ठिपके उमटले. ते सुजाताच्या लेझरचे. सगळे ठिपके रेषेच्या खाली होते, चांगलेच खाली.

टाळ्या थांबल्या. स्पीकरवर जोशीपुरा सरांचा आवाज आला. रागावलेला नव्हता, पण थकलेला होता. "सुजाता, लेझर फिर वही दिखा रहा है."

सुजाता उभी राहिली. मागून मला तिची फक्त पाठ आणि वेणी दिसत होती. "सर, लेझर सुबह जांचा है. दिशा ठीक है."

"तो फिर?"

"गप बस म्हणावं तिला," आई माझ्या कानात पुटपुटली. तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"बोलू दे," बाबा म्हणाले.

सुजाता बोलली. हिंदीत, मधूनमधून इंग्रजीत, आधी अडखळत आणि मग न अडखळता. तिचं म्हणणं मला संध्याकाळी तिने मराठीत सांगितलं तेच इथे देते. प्लाझ्मा फार विरळ असला की सूक्ष्मलहरींमुळे मोजकेच इलेक्ट्रॉन बेफाम वेग घेतात. बाकीचे आपले बेताने पळत असतात. गावात कार्यक्रम असला, मांडवात शंभर माणसं हळू बोलत असली आणि दोघं माइक घेऊन ओरडत असली, तर वेशीवरून ऐकणाऱ्याला वाटतं सगळा मांडव ओरडून राह्यला. निळी रेघ अशी वेशीवरून ऐकते. लेझर मात्र मांडवात शिरून प्रत्येकाला विचारतो. म्हणून दोन्ही उपकरणं ठीक असूनही आकडे वेगळे येतात.

"साबित कैसे करोगी?" सरांनी विचारलं.

"सर, गॅस थोडा बढ़ा दीजिए. घनता बढ़ेगी तो वो तेज़ इलेक्ट्रॉन टिक नहीं पाएंगे. अगर मैं सही हूं तो दोनों मिल जाएंगे. नहीं मिले, तो गलती मेरे लेझर की है. मैं सबके सामने मान लूंगी."

अडचण अशी होती की त्या दिवसाचे मोजकेच प्रयोग उरले होते. ते ताकद आणखी वाढवून तो कोटीचा आकडा पुन्हा दाखवण्यासाठी राखलेले होते. चुंबकं तापतात, त्यांना थंड व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून जास्तीचे प्रयोग घेता येत नाहीत. सुजाताचं ऐकायचं म्हणजे पाहुण्यांसमोरचा तो सोहळा सोडून द्यायचा. कोणीतरी कुजबुजलं. जोशीपुरा सर चष्मा काढून पुसत राहिले. मला वाटलं, आता "बाद में देखेंगे" म्हणतील. आपल्याकडे असंच होतं, आणि बाद में कधीच येत नाही.

त्यांनी चष्मा लावला. "गॅस बढ़ाओ," म्हणाले.

थंड व्हायला जो वेळ लागला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांबलचक चहा असावा. कँटीनमधून चहा आणि खाखरे आले, ते तसेच राहिले. आई म्हणाली, "आता हे सारखं निघंल का?" मी म्हटलं, "मला काय माहीत." बाबा काचेला जवळजवळ नाक लावून उभे होते.

भोंगा. मोजणी. गुलाबी कड, मध्ये रिकामं.

निळी रेघ उठली. चढली, आणि या वेळी आडव्या रेषेच्या बरीच खाली थांबली. मग लाल ठिपके उमटू लागले. पहिला रेघेवर. दुसरा रेघेवर. सगळेच ठिपके तिच्यावर येऊन बसले, ज्वारी पेरताना ओळीत दाणे पडावेत तसे. शेजारच्या एका पडद्यावर आणखी एक आलेख होता. बेफाम इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळले की क्ष-किरण निघतात, त्यांचा. आधीच्या प्रयोगात तो उसळला होता, आता जमिनीला टेकला होता. मग सरांनी पुन्हा एकदा तसाच प्रयोग करायला लावला, एकदा जुळणं योगायोग असू शकतो म्हणून. दुसऱ्यांदाही रेघ आणि ठिपके एकमेकांवर बसले.

मग ते काचेकडे वळले, आम्हा पाहुण्यांकडे. हिंदीत म्हणाले की आज आम्ही तुम्हाला एक कोटी अंश दाखवणार होतो, ते दाखवू शकत नाही, कारण ते अजून झालेलं नाही. जे झालं आहे ते खरं मोजलं गेलं आहे, आणि ते मोजणारी मुलगी ही. त्यांनी सुजाताकडे हात केला.

टाळ्या झाल्या. कोटीच्या वेळेपेक्षा कमी वाजल्या असतील. बरेच लोक गोंधळले होते, की आकडा खाली आला आणि हे खूश कसे. पण बाबा वाजवायचे थांबेनात. सगळे थांबले तरी एकटे वाजवत राहिले, तेव्हा आईने त्यांचा शर्ट ओढला. सुजाता मागे वळली आणि काचेतून आम्हाला शोधू लागली. तिचा चेहरा दिसला आणि माझे डोळे भरून आले. आईचे आधीच भरले होते. ती म्हणत होती, "झालं ना सारखं? झालं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जोशीपुरा सर सपत्नीक सुजाताच्या घरी चहाला आले. आईने त्यांना धपाटे दिले, त्यांनी थेपला म्हणून खाल्ले आणि विचारलं की यात काय वेगळं घातलंय. बाबांनी हात जोडून आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, "साहब, पोरगी छोटी है, कुछ उलटा बोली होगी तो..."

सरांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. "उसने मुझे बचा लिया," ते म्हणाले. "हम वो नंबर छाप देते और दुनिया में कोई और आकर बताता कि गलत है. बहुत शर्म आती." मग हसून म्हणाले, "एक करोड़ तो मैं करके दिखाऊंगा. लेकिन नापेगी यही."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही साबरमतीच्या काठावर फिरलो. गोळा खाल्ला, फोटो काढले. तिथल्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, मी वेगळं काही सांगू शकत नाही. मला आठवतो तो कठड्याला टेकून उभा असलेला सुजाताचा मोकळा चेहरा. ती मला म्हणाली, "ताई, काल ठिपके नसते जुळले ना, तर मी तरी मानलं असतं. घाबरले होते, पण मानलं असतं." मी म्हटलं, "माहितीय." आणि खरंच मला माहीत होतं.

परतीचा रस्ता तोच, पुन्हा मुक्काम करत. धुळ्याच्या खानावळीत मालकाने आईला ओळखलं. फरक एवढाच की येताना बाबा टोलनाक्यावर काहीही बोलले नाहीत. मला वाटलं दमले असतील.

जालन्यात शिरल्यावर ते म्हणाले, "गाडी थांबव. पेढे घ्यायचेत."

त्यांनी ढीगभर पेढे घेतले. दुसऱ्या दिवशी मी दोघांना केदारखेड्याला सोडायला गेले. घरात पिशव्या टाकल्या आणि बाबा तो पांढरा शर्ट पुन्हा घालून लगेच खोका घेऊन बाहेर पडले. पारावर चार-सहा लोक बसलेले होते. मी गाडीतून राहिलेली डाळीची रिकामी बरणी काढत होते, तेवढ्यात मला ऐकू आलं.

"काय लाइनमन साहेब, पेढे कशाचे? पोरीला प्रमोशन भेटलं का?"

"न्हाई."

"बक्षीस?"

"न्हाई न्हाई." बाबांनी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. "सगळे म्हणून राह्यल्ते कोटी झाला, कोटी झाला. आमच्या पोरीनं मोजलं अन् सांगितलं, झाला न्हाई अजून."

पेढा कोणी तोंडात टाकेना.

"म्हणजे कमी निघाला?" एकाने विचारलं.

"कमी निघाला," बाबा म्हणाले, आणि पांढऱ्या शर्टाची कॉलर नीट केली. "पण खरा निघाला. घ्या, तोंड गोड करा."